चार इंची टायर, दोन्हीकडं शॉकअप: सायकल घेण्याआधी सीट धरून उचला

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी जॉबर आहे, म्हणजे माग दुरुस्त करणारा. माग कुठं ठोकतोय, कुठला बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी) खाल्लाय, हे कानानं ओळखायचं. १९ वर्षं हेच करतोय. तरी जाड टायरची आणि दोन्हीकडं शॉकअपची पहिली सायकल घेताना मी कान घरी ठेवून गेलो आणि नुसत्या डोळ्यांनी घेतली. काळी फ्रेम, मधोमध लालभडक स्प्रिंग, १३,५०० रुपये. गल्लीत आणली तर शेजारचा म्हणाला, "काय बे, ट्रॅक्टर घेऊलालास का?" तेवढ्यानंच पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या महिन्यात होटगीच्या पुढच्या मुरमाड वाटेवर मागचं चाक डावीकडं, मी उजवीकडं असं सुरू झालं. घरी येऊन मागचा सांधा, म्हणजे फ्रेमचा मागचा भाग जिथं खाली-वर हलतो ती जागा, खोलला. आत प्लास्टिकचा बुश, एका बाजूनं खाऊन चंद्रकोर झालेला. लालभडक स्प्रिंगच्या आत काय आहे म्हणून तीही सोडवली. आत काहीच नव्हतं. तेल नाही, पिस्टन नाही, नुसता दांडा. म्हणजे मी शॉकअप घेतलाच नव्हता, स्प्रिंग घेतली होती.

हा फरक नीट कळला की निम्मी खरेदी झाली म्हणून समजा. मागाच्या भाषेत सांगतो. धोटा, म्हणजे आडवं सूत घेऊन पळणारा तुकडा, वेगात मागाच्या कडेच्या पेटीत शिरतो तेव्हा त्याला नुसतं अडवून भागत नाही. अडवलात तर तो आपटून मागं उसळतो आणि माग ठोका देऊन बंद पडतो. म्हणून पेटीत धोट्याला बाजूनं दाबून त्याचा जोर खाणारी पट्टी असते. शॉकअपमध्ये जोर खायचं काम तेल करतं. स्प्रिंग किंवा हवा फक्त धक्का झेलते आणि झेललेला जसाच्या तसा परत करते. तो परत येताना सावकाश यावा, यासाठी आत तेल बारीक भोकांतून फिरवलेलं असतं.

आता टायर बघा. चार इंचाचं टायर म्हणजे हवेची मोठी स्प्रिंगच, आणि तिच्यात तेलबिल काही नाही. हवा जास्त भरली की ते चेंडूसारखं उड्या मारतं. त्याच्यावर तेल नसलेली दुसरी स्प्रिंग बसवली की चेंडूवर चेंडू. माझी पहिली सायकल सपाट रस्त्यावर नुसतं पायडल मारलं तरी डुलायची, आणि मला वाटायचं यालाच सस्पेंशन म्हणतात.

मग दोन्हीकडं शॉकअप हवेतच का? सोलापूरच्या आजूबाजूला फिरायचं असेल तर दहांतल्या आठ जणांना नकोत, असं माझं मत आहे. जाड टायरची सायकल जन्मली ती बर्फात आणि वाळूत, अलास्का आणि न्यू मेक्सिकोकडं. कारखान्यात बनून दुकानात आलेली पहिली गाजलेली सायकल २००५ची, सर्ली पग्सली. तिला शॉकअप नव्हताच. जाड टायर मावेल असा, शॉकअप असलेला रॉकशॉक्स कंपनीचा ब्लूटो चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) २०१४ साली आला, तोवर लोक टायरच्या हवेवरच भागवत होते. आपल्याकडं माळ, मुरूम, कालव्याकाठच्या वाटा, काळं रान. पंधरा-वीस हजारांत दोन्हीकडं शॉकअपचं नाटक घेण्यापेक्षा तेवढ्याच पैशात बिनशॉकची, साध्या चिमट्याची जाड टायरची सायकल शंभरपट बरी. बिघडायला तिच्यात काही नसतं. पाठीचं दुखणं असेल, दगडाधोंड्यांतून उतार उतरायची खरंच हौस असेल, तरच दोन्हीकडं घ्या. पण मग पैसा मोजायची तयारी ठेवा किंवा वापरलेली शोधा. मी पुण्यातून एकाची वापरलेली आणली, ५८ हजारांना. पुढं-मागं चाक १०० मिलिमीटर हलू देणारा हवेचा शॉकअप, वजन १५.८ किलो. घरात अजूनही ३८ हजारच सांगितलेत.

नवी असो की जुनी, समोर उभी राहिली की मी पुढच्या गोष्टी करतो. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू द्या.

सीट मागून धरायची आणि चाक जमिनीवरून सुटेल न सुटेल इतकीच हळू उचलायची. सांध्यात खेळ असेल तर चाक उचलायच्या आधी बोटांना एक बारीक 'टक' लागतो. डोळ्यांना दिसत नाही. दोनदा, तीनदा करा, दुसऱ्या हाताचं बोट सांध्यावर ठेवून करा, म्हणजे टक कुठला ते कळतं. नव्या सायकलीत टक आला तर सरळ घरी या. जुन्यात आला तर विचारा की आत बुश आहे की बेअरिंग. सीलबंद बेअरिंग असेल तर त्याच्या कडेला नंबर असतो. तो नंबर सांगितला की बहुतेक वेळा बेअरिंगच्या दुकानात तेच मिळून जातं, सायकलच्या कंपनीकडं जावं लागत नाही. प्लास्टिकचा बुश असेल तर मी किंमत विचारायच्याही पुढं जात नाही.

मग सीटवर सगळा भार टाकून दाबायचं आणि एकदम सोडायचं. खरा शॉकअप सुस्कारा टाकल्यासारखा परत येतो. स्प्रिंग फटकन तळहाताला मारते. दांड्यावर तेलाचा ओला पट्टा दिसला तर सील गेलंय, दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करा. दाबलेल्या अवस्थेत मागचं टायर आणि फ्रेम यांच्यात करंगळी जाते का तेही बघा. दुकानात ही फट कुणी बघत नाही. जूनमध्ये काळ्या मातीत अडकल्यावर आठवते.

शेवटचं, सुटे भाग. जाड चाकाचा मागचा हब (चाकाचा मधला तुंबा) १७० ते १९७ मिलिमीटर रुंद असतो, साध्या एमटीबीचा, म्हणजे डोंगरी सायकलचा, १३५ ते १४८. म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातलं चाक बसणार नाही. टायर-ट्यूब मात्र २६ गुणिले ४ असेल तर सध्या बऱ्यापैकी मिळते. वेगळं काही माप असेल तर घेतानाच दोन ट्यूब मागून घ्या. पायडलच्या मधला एक्सलही रुंद असतो, त्यामुळं पाय फाकून चालवल्यासारखं होतं. गुडघे आधीच कुरकुरत असतील तर अर्धा तास चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता हवा. सगळा खेळ इथं आहे आणि लोक इथंच घाण करतात. पंक्चरवाल्याकडं नेली की तो सवयीनं ३०-३५ पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पाऊंड दाब) ठोकतो आणि सायकलचा दगड होतो. हिशेब सोपा आहे. माझं वजन ८४, सायकल धरून शंभर किलो. त्यातले साठेक मागच्या चाकावर, म्हणजे १३२ पाऊंड. १२ पीएसआयला टायर जमिनीला साधारण ११ चौरस इंच टेकतं, ४० पीएसआयला जेमतेम सव्वातीन. माळावर पकड हवी तर ११ चौरस इंच टेकायला हवेत.

मी डांबरावर १८ ठेवतो, मुरमावर १० ते १२, वाळूत ६ ते ७. पुढच्या चाकात नेहमी एक-दोन कमी. माझ्याहून हलके असाल तर सगळीकडं थोडं खाली या. डांबरावर ८ ठेवलंत तर हँडल आपोआप एका बाजूला ओढतं. सायकल खराब नाही, हवा कमी आहे. इथं एक-दोन पीएसआयनं फरक पडतो, त्यामुळं मोटारसायकलचा गेज उपयोगाचा नाही. ३० पीएसआयपर्यंतचाच बारीक गेज घ्या. आणि आपल्या उन्हाळ्याचं लक्षात ठेवा. पहाटे २२ अंशाला भरलेलं १० पीएसआय दुपारी ४५ अंश तापलेल्या टायरात १२च्या आसपास जातं. मार्च-एप्रिलमध्ये मी घरातून मुद्दाम दीड-दोन कमी ठेवून निघतो. मे महिन्यात निघतच नाही.

शॉकअपची हवा वेगळी. तिला छोटा हातपंप लागतो, जास्त दाबाचा. सायकलचा मोठा पंप लावू नका. पाण्याची पिशवी, हेल्मेट, सगळं अंगावर घेऊन सीटवर बसायचं, हलायचं नाही, सावकाश उतरायचं. दांड्यावरचं रबराचं कडं किती सरकलं ते मोजायचं. चाक १०० मिलिमीटर हललं तरी माझा मागचा दांडा ५०च चालतो, त्यात १३ ते १५ सरकायला हवं. कडं नसेल तर जाड दोरा बांधा. मी टॉवेलचा ताणा वापरतो, तो काय आमच्याकडं पोत्यानं आहे. पुढं पाचवा भाग ते पाव भाग पुरतो. परत येण्याचा वेग बसवायला फुटपाथच्या कडेवरून बसल्या-बसल्या खाली उतरा. सीट एकदा खाली-वर होऊन थांबली तर बरोबर. दोन-तीनदा डुलली तर स्क्रू मंद बाजूला एक-एक टक फिरवा.

चालवण्याचं थोडक्यात. वाळूत शिरायच्या आधीच हलका गिअर टाका, आत गेल्यावर टाकलात तर चेन कण्हते. बूड मागं, हात सैल, नजर दहा-पंधरा फूट पुढं. पुढचा ब्रेक विसरा. वळायचं ते कमरेनं, हँडल वळवलं की पुढचं चाक नांगरासारखं रुततं. हत्तरसंग कुडलला भीमा आणि सीनेच्या संगमाजवळ वाळू दिसली म्हणून मी उत्साहात हँडल वळवलं आणि थेट आडवा. शके ९४०चा शिलालेख बघायला आलेली एक सहल होती; त्या पोरांनी शिलालेख सोडून मला बघितलं.

काळ्या रानाची दोन रूपं. उन्हाळ्यात भेगा पडतात; साध्या सायकलचं चाक भेगेत अडकून माणूस पुढं फेकला जातो, चार इंची टायर त्यांवरून आरामात जातं. या सायकलीचं सगळ्यात मोठं सुख मला इथं मिळालं. पाऊस पडला की मात्र तीच माती टायरला भाकरीच्या पिठासारखी लपेटते, फट भरते आणि चाक फिरायचं थांबतं. दोन्हीकडच्या शॉकअपच्या सायकलीत सांध्यांच्या कोपऱ्यात ती जास्तच बसते. पहिल्या पावसानंतर हिप्परग्याच्या तलावाकडून मी पावणेदोन किलोमीटर सायकल खांद्यावर आणलीय. १५.८ किलोची सायकल आणि वर दहाएक किलो माती. पावसाळ्यात मुरूम आणि कालव्याची वाट, बाकी बंद.

काटे हा आपला कायमचा पाहुणा. वेड्या बाभळीचा काटा जाड टायरातही सहज घुसतो. ट्यूब काढून टायर ट्यूबलेस करून आत पंक्चर भरणारं द्रावण घाला. काटा उपसला की भोक खाली येईल असं चाक फिरवून मिनिटभर थांबा. आपल्या उन्हात ते द्रावण लवकर सुकतं. दर दोन महिन्यांनी टायर कानाशी हलवून बघा, आत छळछळ ऐकू आलं पाहिजे.

बार्शी रोडला नान्नजचा माळ बघून हात शिवशिवतात, माहितीय. ते माळढोकचं अभयारण्य आहे आणि माळढोक उघड्या जमिनीवर अंडं घालतो. तिथं टायर जाड असो की बारीक, गवतात घालायचं नाही.

धुताना सर्व्हिसिंग सेंटरचा जोराचा फवारा सांध्यांवर मारू देऊ नका, पाणी बेअरिंगमध्ये जातं. बादली आणि फडकं. टॉवेल वापरा, सोलापुरात राहून फडक्याला टॉवेल नाही म्हणू नका.

आणि पहिली सायकल? बुश मी पितळी करून घेतला, लेथवर, वीस मिनिटांचं काम. लालभडक स्प्रिंग काढून तिच्या जागी तेवढ्याच लांबीची जाड लोखंडी पट्टी दोन भोकं पाडून बसवली. भोकांमधलं अंतर माणूस सीटवर नसताना मोजायचं, नाहीतर मागची बाजू बसते. मागं १२ पीएसआय ठेवतो. आता ती डुलत नाही, टक करत नाही. धाकटा तिच्यावर रोज सकाळी सात रस्ता चौकाला जाऊन दूध आणतो. दगडांवरून उड्या मारायला ती पट्टी नाही, हे त्याला सांगितलंय. ऐकेल असं नाही.