पणजीच्या फोटोसाठी खोल, हवाबंद फ्रेम

आपल्याकडे फोटो फ्रेम करायची रूढ पद्धत म्हणजे काच, काचेला टेकलेला फोटो, मागे हार्डबोर्ड आणि बारीक खिळे. कोकणात ही पद्धत जुन्या फोटोच्या जिवावर उठते. आमच्या देवरुखला पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल धरतात. ती ओल हार्डबोर्डमधून आत शिरते, फोटोवरचा थर नरम होतो आणि काचेला चिकटतो. एकदा चिकटला की सोडवताना चेहराच काचेवर निघून येतो. म्हणून आमच्या पणजीच्या फोटोसाठी मी वेगळी फ्रेम केली. तीच इथे सांगते.

हा फोटो म्हणजे कॅबिनेट कार्ड. जाड पुठ्ठा, साधारण १०८ बाय १६५ मिलिमीटर, खाली सोनेरी अक्षरांत स्टुडिओचं नाव. छटा तपकिरी, उजेडाच्या जागा पिवळट; म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरचा. असा थर फार कोरडा पडला तर तडकतो, ओला झाला तर फुगतो. त्यामुळे फोटोला ऊन दाखवायचं नाही, पाणी लावायचं नाही, पुठ्ठा वाकला असेल तर जड पुस्तकाखाली दाबायचा नाही. मऊ, कोऱ्या ब्रशने धूळ मधून कडेकडे झटकायची, बस. आणि आधी दोन्ही बाजू स्कॅन करून घ्यायच्या, कारण मागचा मजकूर पुढे कित्येक वर्षं दिसणार नाही.

काम फेब्रुवारी-मार्चमधल्या कोरड्या दुपारी करायचं. यावर मी अजिबात तडजोड करत नाही. हवाबंद करताना आत जी हवा राहते तीच फोटोची सोबत, आणि जुलैची हवा कोंडून ठेवली तर बुरशीला घर बांधून दिल्यासारखं होतं. माउंट बोर्ड, म्हणजे फोटोमागे लावायचा जाड पुठ्ठा, दोन-तीन दिवस आधी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात बंद ठेवा. फोटो मात्र त्या डब्यात नको.

बोर्ड आम्लमुक्त घ्या, शक्यतो कापसाचा. साध्या पुठ्ठ्यातलं आम्ल हळूहळू फोटोत उतरतं. ८ बाय १० इंचांचा एक तुकडा पाठीसाठी कापा. त्यावर फोटो चिकटवायचा नाही, कोपऱ्यांत अडकवायचा. त्यासाठी पारदर्शक पॉलिस्टर फिल्म लागते. पीव्हीसी प्लॅस्टिक नको, ते कालांतराने फोटोला मारक ठरतं. अडीच सेंटिमीटर रुंद, सात सेंटिमीटर लांब पट्टी घेऊन तिची दोन्ही टोकं मध्याकडे तिरकी दुमडली की खिशासारखा त्रिकोण होतो. असे चार त्रिकोण मागून दुहेरी टेपने बोर्डवर बसवा. टेप फोटोला कुठेही लागता कामा नये आणि कोपऱ्यात फोटो किंचित सैल हवा, म्हणजे हवामानाप्रमाणे पुठ्ठा हलला तरी ताण येत नाही. घरची खळ इथे अजिबात नको. कसर आधी तिच्यावरच येते.

आता काच आणि फोटो यांच्यातलं अंतर. त्याच बोर्डच्या बोटाएवढ्याही नाहीत अशा अरुंद, ६ मिलिमीटरच्या पट्ट्या कापून एकावर एक दुहेरी टेपने चिकटवा आणि ६ मिलिमीटर जाडीची भिंत चारही कडांना उभी करा. मोल्डिंगच्या, म्हणजे फ्रेमच्या चौकटीच्या पट्टीच्या, पुढे आलेल्या ओठाखाली ती झाकली जाते. वर काच ठेवा. अतिनील किरण अडवणारं ॲक्रिलिक मिळालं तर जास्त चांगलं, पण त्यावर स्थिर वीज धरते आणि ती सुटे कण ओढून घेते. फोटोचा थर सुटत असेल तर काचच बरी. काच पुसून पूर्ण वाळू द्या.

काच, भिंत, पाठीचा बोर्ड आणि सर्वात मागे पॉलिस्टर फिल्म असा थर रचला की चारही कडांवरून ॲल्युमिनियमची टेप फिरवा. पुढे काचेवर ४ मिलिमीटर, मागे फिल्मवर थोडी जास्त. कोपऱ्यांत टेप नखाने नीट दाबा, हवा तिथूनच शिरते. ही गादी ११ मिलिमीटरच्या आसपास होते, म्हणून फ्रेमवाल्याकडून १५ मिलिमीटर तरी खोल खाच असलेली मोल्डिंग पट्टी मागा. पॉलिश ताजं असेल तर महिनाभर उघड्यावर ठेवून वास गेल्यावरच वापरा.

मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे फ्रेम भिंतीपासून सुटी राहते. पावसाचा मारा असलेल्या बाहेरच्या भिंतीवर, देवघराच्या धुरात किंवा उन्हाच्या तिरिपेत टांगू नका.

पितृपक्षात किंवा पुण्यतिथीला आपण काचेवर गंध लावतो, ताज्या फुलांचा हार घालतो. ते करावंच, पण हारासाठी फ्रेमच्या वर स्वतंत्र खिळा ठोका आणि तो फ्रेमच्या बाजूने सोडा. गंध सुक्या कुंकवाचं लावा. पाणी ओघळलं की काचेच्या खालच्या कडेला थांबतं आणि टेपखाली शिरतं. काच पुसताना कापड ओलसर करा, काचेवर पाणी फवारू नका.

दर नवरात्रात टॉर्चचा तिरका उजेड टाकून आत पाहा. काचेच्या आतून धुकं किंवा पांढरे ठिपके दिसले, तर फ्रेम उतरवून कोरड्या कपाटात ठेवा, आणि फेब्रुवारीत टेप कापून बोर्ड बदला.