जुन्या सी-१० ला मोठं इंजिन बसवण्याआधी पुढचे ब्रेक ड्रमवरून डिस्कवर कसे आणावेत

१९६७ ते १९७० च्या शेवरोले सी-१० पिकअपला कारखान्यातूनच चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. पुढच्या चाकांना डिस्क आल्या त्या १९७१ पासून. सहा सिलिंडरच्या मूळ इंजिनाला हे ड्रम कसेबसे पुरतात, ३५० व्ही-८ला (३५० घनइंचांचं आठ सिलिंडरचं इंजिन) पुरत नाहीत. ताशी ६० ऐवजी ८० मैलांवरून गाडी थांबवायची, तर पावणेदोन पटीहून थोडी जास्तच उष्णता तयार होते. तापलेला ड्रम फुगून लायनरपासून (ड्रमला आतून घासणारा ब्रेकचा थर) दूर सरकतो आणि लांब उतारावर पॅडल खाली खाली जाऊ लागतं.

हे काम जुनं इंजिन असतानाच करा. गाडीचं वागणं ओळखीचं असतं, त्यामुळे काही बिघडलं तर दोष ब्रेकमध्येच शोधायचा हे पक्कं राहतं.

खरेदीआधी रिमचा निर्णय घ्या. १९७० पर्यंतच्या सी-१० ला साडेपाच इंच वर्तुळावर सहा नट आहेत, १९७१-७२ च्या डिस्कवाल्या भागांना पाच इंचावर पाच. पाच नटांचे भाग पुढे लावले आणि मागे सहाच ठेवले, तर एकच स्टेपनी चारही चाकांना चालणार नाही. सहा नटांच्या डिस्कचे किट मिळतात, ते घेतलेले बरे. ड्रमच्या काळातल्या कित्येक १५ इंची रिम कॅलिपरला (डिस्क दोन्ही बाजूंनी आवळणारा भाग) घासतात, तेव्हा रिम आधी चढवून हाताने फिरवून पाहा.

गाडी चेसीखाली स्टँड लावून उचला. स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं तो दांडा) बदलायचं असेल तर खालच्या कंट्रोल आर्मखाली जॅक ठेवल्याशिवाय बॉल जॉइंट सोडू नका. दाबलेली कॉइल स्प्रिंग सुटली तर जीव घेऊ शकते. जुन्या लायनरच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

नव्या बेअरिंगमध्ये ग्रीस हाताने दाबून भरा. डिस्क फिरवत नट १२ फूट-पाउंडांपर्यंत आवळा, मग पूर्ण सैल करून फक्त बोटांनी आवळा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट थोडा मागे घ्या, पुढे कधीच नाही. घट्ट बेअरिंग तापून जळतं.

कॅलिपर बसवताना हवा काढायचा निपल वरच्या टोकाला आहे ना, ते पाहा. डावा-उजवा कॅलिपर उलटा लागला की निपल खाली जातो, वरची हवा अडकून राहते आणि कितीही ब्लीड केलं (लाइनमधली हवा काढली) तरी पॅडल स्पंजासारखंच लागतं. होजच्या बोल्टला दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर घाला. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून होज ताणला जातो का, घासतो का, तेही बघा.

जुना मास्टर सिलिंडर (पॅडलच्या जोराने ऑइलचा दाब तयार करणारा भाग) ठेवू नका. ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब कायम राखणारा व्हॉल्व्ह त्यात असतो. तो डिस्कच्या लाइनवर राहिला तर पॅड सतत घासत राहतात. डिस्क-ड्रमसाठीचा सिलिंडर घ्या, त्यातली मोठी टाकी पुढच्या डिस्कची. बूस्टर (पॅडलचा जोर वाढवणारा भाग) नसेल तर १ इंच बोअर (आतला व्यास), असेल तर सव्वा इंचाहून थोडा कमी, म्हणजे १ १/८ इंच. सोबत डिस्क-ड्रमचा कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह (पुढच्या-मागच्या ब्रेकचा दाब सांभाळणारा) हवाच, नाहीतर जोरात ब्रेक लागल्यावर रिकाम्या हौद्याची मागची चाकं आधी लॉक होतात.

बूस्टर निवडताना येणाऱ्या इंजिनाचा विचार करा. बूस्टरला आयडलवर साधारण १८ इंच पारा इतका व्हॅक्यूम लागतो आणि ‘गरम’, म्हणजे जास्त ताकदीसाठीच्या कॅमशाफ्टचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) इंजिन तेवढा देत नाही. तिथे पॉवर स्टिअरिंगच्या पंपावर चालणारा हायड्रोबूस्ट योग्य. व्हॉल्व्ह कव्हर बूस्टरला अडकणार नाही याची मापंही आत्ताच घ्या.

नव्या लाइन ३/१६ इंच स्टील किंवा निकेल-तांब्याच्या, टोकाला डबल फ्लेअर (दुहेरी दुमडलेलं रुंद तोंड). नळकामाचं तांबं वापरू नका, आणि हेडर (इंजिनाचे तापणारे एक्झॉस्ट पाइप) जिथून जाणार तिथून लाइन लांब ठेवा.

मास्टर सिलिंडर गाडीत बसवण्याआधी टेबलावरच ब्लीड करा. मग हवा काढायचा क्रम: मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा ४ चालेल, सिलिकॉनचं डॉट ५ त्यात मिसळू नका. एवढं करूनही पॅडल खोल जात असेल, तर पुन्हा ब्लीड करण्याआधी मागचे ड्रम तपासा. लायनर सैल असले की पॅडलची अर्धी चाल त्यांना टेकवण्यातच संपते. चाक फिरवताना लायनर हलकंसं घासेल इतकं अॅडजस्ट करा.

शेवटी रिकाम्या रस्त्यावर ताशी ३० मैलांवरून जवळपास थांबेपर्यंत हळुवार ब्रेक लावा, दर वेळी अर्धा मिनिट गाडी चालती ठेवून डिस्क गार होऊ द्या. असं २०-३० वेळा करा. त्यानंतर सगळे जोड कोरडे आहेत ना ते पाहा आणि मगच इंजिनाचे माउंट सोडायला घ्या.