उसाचा ट्रॅक्टर धावपट्टीवर: फ्लाइट सिम्युलेटरसाठी वाहन कसं बनवायचं आणि मोफत कसं वाटायचं

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये विमानं पैशाला पासरी मिळतात, पण उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मला काही सापडला नाही. गळीत हंगामात पलूस-तासगाव रस्त्यावर ज्याच्या मागं आमची अर्धी हयात गेली, तो तिथं नसावा हे मनाला पटेना. मग स्वतःच बनवला. त्यात ज्या चुका केल्या त्या तुमच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय.

विमानाच्या खेळात ट्रॅक्टर चालतो का? चालतो. मी फ्लाइटगिअर हा सिम्युलेटर वापरला. १९९६ साली त्याचा पहिला प्रस्ताव मांडला गेला, आणि तो जीपीएल परवान्याखाली (कुणीही वापरावं, बदलावं, वाटावं अशा) मोफत आहे. त्याच्या लेखी चालवता येणारी प्रत्येक गोष्ट म्हणजे 'विमान'. मूळ पॅकेजमध्ये उडती तबकडी आहे, उडत्या गालिच्याचीसुद्धा सोय आहे. तिथं आपल्या ट्रॅक्टरला कोण अडवणार? एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरसोबत प्लेन मेकर हे वाहन बनवायचं साधन येतं, मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरचंही स्वतःचं साधन आहे. पण फ्लाइटगिअरच्या बहुतेक फाइली साध्या मजकुराच्या असतात, नोटपॅडमध्ये उघडतात. पहिलं वाहन इथंच करावं असं माझं मत.

एक सूचना. फाइलींची आणि आज्ञांची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीतच टाइप करायची.

आधी टेप, मग संगणक

अंगणात किंवा गल्लीत उभं असलेलं वाहनच निवडा. ज्याला टेप लावता येत नाही ते पहिल्या खेपेला नको. इंटरनेटवरच्या फोटोंवरून केलेली वाहनं लांबून झकास दिसतात, पण जवळ गेलं की चाक कुठंतरी चुकलेलं असतं.

मी तात्यांचा ट्रॅक्टर धरला. टेप, खडू आणि वही घेऊन बसलो तर तात्या म्हणाले, "आरं, मापं कशाला घ्यायलायस? इकायचा हाय व्हय?" नाही म्हणून सांगितलं तरी संध्याकाळपर्यंत दोघं जण किंमत विचारून गेले.

घ्यायची मापं अशी: पुढच्या-मागच्या अॅक्सलमधलं अंतर, दोन्ही बाजूंच्या चाकांमधलं अंतर, टायरांचे व्यास, हुकाची उंची आणि हुकापासून ट्रॉलीच्या अॅक्सलपर्यंतची लांबी. यातलं शेवटचं माप मी विसरलो होतो. ते किती महत्त्वाचं आहे हे पुढं कळेल. फोटो लांब उभं राहून झूम करून काढा, म्हणजे आकार वाकडा येत नाही. त्यासाठी ढगाळ दिवस उत्तम. कडक उन्हातल्या सावल्या टेक्स्चरमध्ये, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या चित्रात, कायमच्या बसतात, मग सिम्युलेटरमध्ये रात्र झाली तरी मडगार्डवर दुपारची सावली!

आकार ब्लेंडरमध्ये

ब्लेंडर हे थ्री-डी आकार बनवायचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्याचे धडे ढिगानं मिळतात, त्यामुळे मॉडेलिंग शिकवत बसत नाही. माप मीटरमध्ये ठेवा. वाहनाचं तोंड एक्स अक्षाच्या उणे बाजूला, उजवी बाजू वायच्या अधिक बाजूला आणि झेड वर. प्रत्येक फिरणारा भाग वेगळा ठेवा आणि त्याला नाव द्या, कारण पुढं हालचाल द्यायची ती नावानंच. टेक्स्चरची बाजू १०२४ किंवा २०४८ पिक्सेल अशी दोनाच्या घातात ठेवा. शेवटी एसी-थ्री-डी या फाइल-प्रकारात निर्यात करायचं. त्यासाठीचं अॅड-ऑन नव्या ब्लेंडरमध्ये वेगळं बसवावं लागतं.

ऊस भरताना हात आवरा. मी पहिल्यांदा एकेक कांडं वेगळं काढलं आणि संगणक रडकुंडीला आला. मोळ्यांचा एक ओबडधोबड ठोकळा, त्यावर उसाचा फोटो आणि कडेला पारदर्शक टेक्स्चरचे चार-सहा पडदे वाढ्यांसारखे लोंबत सोडले की डोळा फसतो.

फोल्डर आणि पहिली धाव

ट्रॅक्टरच्या नावाचा फोल्डर करा. त्यात मॉडेल्स आणि साउंड्स असे दोन उपफोल्डर. बाहेर मुख्य फाइल, जिचं नाव 'डॅश सेट डॉट एक्सएमएल' असंच संपलं पाहिजे. त्याशिवाय सिम्युलेटर तिला ओळखत नाही. या फाइलमध्ये वर्णन, कर्ता, मॉडेलचा पत्ता आणि कोणतं भौतिकशास्त्र, म्हणजे हालचालीचं गणित, वापरायचं ते येतं.

भौतिकशास्त्राच्या जागी सुरुवातीला 'यूएफओ' लिहा, म्हणजे ट्रॅक्टर उडत्या तबकडीसारखा तरंगेल. हसू येतं, पण आकार, रंग आणि दिशा बरोबर आहेत का ते पाच मिनिटांत कळतं. आम्हाला जवळचा विमानतळ कोल्हापूरचा, त्याचा संकेत व्ही-ए-के-पी. अक्षांश-रेखांश देऊनही सुरुवात करता येते, सांगलीसाठी १६.८५ उत्तर आणि ७४.५७ पूर्व द्या. आयर्विन पूल मात्र दिसेलच असं धरून चालू नका.

वजन आणि स्प्रिंग

खरं काम इथं आहे. रंग कितीही चांगला असला तरी चाकं जमिनीवर नीट बसली नाहीत तर ते वाहन नव्हे, खेळणं. मी जेएसबीसिम हे फ्लाइटगिअरमधलं भौतिकशास्त्र वापरलं. दुसरा पर्याय यासिम, पण त्याला पंख लागतातच, आणि ट्रॅक्टरला लपवलेले पंख लावणं मला रुचलं नाही.

हिशेब करून दाखवतो. ट्रॅक्टर २००० किलोचा धरू. ४० टक्के भार पुढं, ६० टक्के मागं. म्हणजे पुढच्या प्रत्येक चाकावर ४०० किलो, मागच्यावर ६००. दोन अॅक्सलमध्ये २ मीटर असतील तर गुरुत्वमध्य मागच्या अॅक्सलच्या ०.८ मीटर पुढं. उभ्या वाहनाची स्प्रिंग ५ सेंटिमीटर दबावी असं ठरवलं, तर मागच्या चाकाची स्प्रिंग ६०० × ९.८१ ÷ ०.०५, म्हणजे सुमारे १,१७,७०० न्यूटन प्रतिमीटर. पुढच्याची तशीच काढली की ७८,५०० येते.

नुसती स्प्रिंग ठेवली तर ट्रॅक्टर नाचतच राहतो, म्हणून डॅम्पिंग, म्हणजे हेलकावे शमवणारा विरोध, हवं. स्प्रिंग आणि त्यावरचं वस्तुमान यांचा गुणाकार करा, वर्गमूळ काढा, दुप्पट करा. मागच्या चाकाला १६,८०० च्या आसपास आकडा येतो. त्याच्या निम्मं, म्हणजे ८,४०० ठेवा. मी पहिल्यांदा अंदाजपंचे आकडे घातले होते, तर सुरू करताक्षणी ट्रॅक्टर जो उडाला तो ढगातच दिसला.

चाकाचा जमिनीला टेकणारा बिंदू दिसणाऱ्या टायरच्या तळापेक्षा ५ सेंटिमीटर खाली द्या. स्प्रिंग तेवढी दबणारच आहे. हे न केल्यास टायर डांबरात रुतलेले दिसतात, जणू नुकताच वळीव होऊन गेलाय.

जडत्वाचे आकडे, म्हणजे वाहन फिरायला किती विरोध करतं ते, शून्य ठेवू नका. ट्रॅक्टर म्हणजे एक ठोकळा समजा आणि प्रत्येक अक्षासाठी उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज गुणिले वस्तुमान भागिले १२ करा. एवढं पुरतं.

ओढ देण्यासाठी इंजिन बनवायची गरज नाही. जेएसबीसिममध्ये बाहेरून बल लावण्याची सोय आहे, ते थ्रॉटलला जोडा. पण हे बल पौंडात असतं, न्यूटनमध्ये नाही. ४००० न्यूटन म्हणजे साधारण ९०० पौंड. शिवाय वेग वाढेल तसं बल कमी होत जाऊन ताशी ३० किलोमीटरला, म्हणजे सेकंदाला २७ फुटांना, ते शून्य होईल असा तक्ता द्या. नाहीतर आपला ट्रॅक्टर जेट विमानाला मागं टाकतो. भरलेल्या ट्रॉल्यांचं वजन या गणितात येत नाही, म्हणून मी बल ५०० पौंडांवर आणलं. आता तो कसा जड जड निघतो.

ट्रॉली वळवणं

पहिल्या आवृत्तीत ट्रॉल्या ट्रॅक्टरला ताठ जोडलेल्या होत्या. वळताना सगळा ताफा लांबलचक काठीसारखा फिरायचा. जेएसबीसिम एका वाहनाला एकच घन वस्तू मानतं, त्यामुळे खरा सांधा मिळणं अवघड. तोडगा असा की ट्रॉली फक्त चित्रात वळवायची आणि कोन नासल या फ्लाइटगिअरच्या छोट्या भाषेत मोजायचा.

सूत्र सोपं आहे. वेगाला हुकापासून ट्रॉलीच्या अॅक्सलपर्यंतच्या लांबीनं भागा, ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्या दिशांतल्या फरकाच्या साइननं गुणा, मग मागच्या हिशेबापासून गेलेल्या वेळेनं गुणा. तेवढ्यानं ट्रॉलीची दिशा बदलायची. लांबी ३ मीटर, वेग सेकंदाला ३ मीटर आणि फरक ३० अंश असेल तर ट्रॉली सेकंदाला ०.५ रेडियन, म्हणजे जवळपास २९ अंश वळते. दुसऱ्या ट्रॉलीला हेच सूत्र, फक्त तिचा ट्रॅक्टर म्हणजे पहिली ट्रॉली. साइनला रेडियन लागतात आणि सिम्युलेटर दिशा अंशात देतो. या एका गोष्टीत माझा आख्खा रविवार गेला.

यातली गंमत पुढं आहे. रिव्हर्स घेतला की वेग उणे होतो, आणि तेच सूत्र ट्रॉलीला आडवी करून टाकतं. खऱ्या ट्रॉलीसारखंच! त्यासाठी मी एक ओळही जास्त लिहिलेली नाही.

चाकं आणि आवाज

चाक फिरवायला त्याचा परीघ लागतो. आमच्या मागच्या टायरचा व्यास १.३ मीटर, परीघ सुमारे ४.१, म्हणजे सेकंदाला एक मीटर वेगाला मिनिटात साधारण १४.६ फेरे. पुढचा टायर ०.७३ मीटरचा, त्याचे २६ फेरे. दोन्हींना एकच आकडा दिलात तर पुढची चाकं घसरत चालल्यासारखी दिसतात.

आवाज मोबाइलवर टिपा आणि एक सलग, गोल फिरणारा तुकडा कापून डब्ल्यूएव्ही फाइल करा. ती मोनो ठेवा. स्टिरिओ आवाजाला जागा आणि अंतर कळत नाही. टिपताना ट्रॅक्टरचा डेक बंद करायला लावा. मागं सिनेमातलं गाणं वाजत असेल तर ती फाइल तुम्हाला वाटता येणार नाही, ते गाणं तुमचं नाही.

वाटप

हाच नियम सगळ्याला. दुसऱ्या खेळातून उचललेलं मॉडेल नको. 'व्यावसायिक वापर नाही' अशा अटीचं टेक्स्चर जीपीएलमध्ये बसत नाही. बोनेटवरचं कंपनीचं नाव आणि चिन्ह काढून टाका, नंबरप्लेटवर खोटा नंबर घाला. फ्लाइटगिअरच्या अधिकृत संग्रहात, एफजीअॅडऑनमध्ये, वाहन जायचं असेल तर जीपीएलची दुसरी किंवा पुढची आवृत्ती हवी. परवान्याची प्रत फोल्डरमध्ये ठेवा आणि ब्लेंडरची मूळ फाइलही द्या. तीच रोखून ठेवली तर दुसऱ्यानं सुधारणा करायची कशी?

जीपीएल म्हणजे तुमचं काम कुणी विकूही शकतो, फक्त परवाना आणि मूळ फाइली सोबत द्याव्या लागतात. खुद्द फ्लाइटगिअर नाव बदलून विकल्याचे प्रकार झालेत. हे सोसत नसेल तर परवाना आधी नीट वाचा, नंतर भांडू नका.

झिप करण्याआधी दुसऱ्याच्या संगणकावर चालवून बघा. मी झिप पाठवली तेव्हा मिरजेच्या मित्राला पांढराफटक ट्रॅक्टर दिसला. मॉडेलच्या फाइलमध्ये टेक्स्चरचा पत्ता माझ्या सी ड्राइव्हचा होता. नोटपॅडमध्ये उघडून नुसतं फाइलचं नाव ठेवलं. मग लिनक्सवाल्याची तक्रार आली: विंडोजला लहान-मोठी अक्षरं सारखीच, लिनक्सला नाहीत. तेव्हापासून सगळी नावं लहान अक्षरांत. मुख्य फाइलमध्ये भौतिकशास्त्र, यंत्रणा, कॉकपिट आणि मॉडेल यांना शून्य ते पाच गुण द्यायचे असतात. मी कॉकपिटला एक दिला, कारण आत एक सीट आणि स्टिअरिंग सोडून काही नाही.

०.१ आवृत्ती तयार झाल्यावर तात्यांना बसवलं. बटणं दाखवली. दोन वळणं घेतली आणि म्हणाले, "ह्याला ब्रेक एकच हाय व्हय? आपल्याला दोन हायती. एक दाबून जागेवर वळतोय की न्हाई आपण?" बरोबर होतं. विमानाच्या डाव्या-उजव्या चाकालाही असेच वेगळे ब्रेक असतात, आणि फ्लाइटगिअरमध्ये स्वल्पविराम आणि पूर्णविराम ही दोन बटणं त्यासाठीच आहेत. मी मागच्या दोन्ही चाकांना एकाच गटात टाकलं होतं. ०.२ मध्ये डावं डावीकडं, उजवं उजवीकडं केलं.