आधी नमुना, मग औषध: मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरच्या निदानात या चुका टाळा

पंधरा-वीस दिवस ताप, चेहरा पांढराफटक, नडगीवर निळे डाग. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, पांढऱ्या पेशी ५,००० येतात आणि घरचे निर्धास्त होतात: कॅन्सर असता तर पेशी लाखात गेल्या असत्या! तसं नसतं. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, त्या कमी, नॉर्मल किंवा भरमसाट, कशाही असू शकतात. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट दोन्ही उतरले असतील तर मशीनच्या आकड्यावर थांबू नका. पॅथॉलॉजिस्टला स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, स्वतः बघायला सांगा.

सगळ्यात महागात पडते ती स्टेरॉइडची घाई. सांधे दुखतात म्हणून संधिवात समजून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू होतं. चार दिवसांत ताप उतरतो, पोर खेळायला लागतं, आजी नारळ फोडते. पण लिम्फोब्लास्ट, म्हणजे या कॅन्सरच्या कच्च्या पेशी, स्टेरॉइडने मरतात. नंतर बोनमॅरो (हाडातल्या मगजाची तपासणी) केली तर आजार असूनही कदाचित दिसत नाही. अशा स्लाइड मी तासभर सरकवत बसले आहे. आजाराचं नाव काही हाती लागत नाही, आणि बाहेर आईबाप रिपोर्टची वाट पाहत असतात. शिवाय पेशी एकदम फुटल्या तर युरिक अ‍ॅसिड आणि पोटॅशियम वाढून किडनीवर बेततं.

मुंबईत मानेची गाठ म्हटलं की आधी टीबी आठवतो, तेही साहजिकच. पण तपासणीशिवाय एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करू नका. नुसत्या एफएनएसीवरही (सुईने पेशी काढून केलेल्या तपासणीवर) विसंबू नका. हॉजकिन लिम्फोमा या गाठींच्या कॅन्सरमध्येही टीबीसारखे ग्रॅन्युलोमा (पेशींचे छोटे पुंजके) दिसू शकतात. लिम्फोमाला गाठीची रचना बघावी लागते, म्हणून शक्यतो अख्खी गाठ काढावी. ती सगळी फॉर्मॅलिनमध्ये बुडवली की फ्लो सायटोमेट्री, म्हणजे ताज्या पेशींचा प्रकार ओळखणारी तपासणी, गेलीच. एक ताजा तुकडा सलाइनमध्ये वेगळा पाठवा.

भूल देण्याआधी छातीचा एक्स-रे हवाच. टी-सेल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) आजारात छातीत मोठी गाठ असू शकते. आडवं केलं की धाप लागून उठून बसणाऱ्या मुलाला भूल देणं जिवावर बेतू शकतं.

लिम्फोब्लास्टिक आजारात मॅरोत ब्लास्ट (कच्च्या पेशी) २५ टक्के किंवा जास्त असले की ल्युकेमिया म्हणतात. गाठ आहे पण मॅरोत त्याहून कमी, तर लिम्फोमा. रिपोर्टवर नुसतं ‘एएलएल’ (अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) लिहिलेलं पुरत नाही. पेशी बी की टी, आणि बीसीआर-एबीएल हा जनुकातला बदल आहे का, हे कळायला हवं. ते असेल तर इमॅटिनिबसारखी गोळी जोडावी लागते.

परळला टाटा किंवा वाडियात दाखवायला निघालात तर कागदांसोबत स्लाइड आणि ब्लॉकही घ्या. ब्लॉक म्हणजे नमुन्याचा तुकडा बसवलेले मेणाचे ठोकळे, मे महिन्यात उन्हातल्या गाडीत ठेवू नका.