रोपं मेली? आधी मुळं बघा: बिघडलेला निसर्ग सावरताना या चुका टाळा

वाळलेलं रोप उपटून फेकण्याआधी दोन मिनिटं त्याच्याकडे नीट बघा. मुळांभोवतीची माती हाताने झाडून टाका. मुळं पिशवीच्या आकारातच गोल गोल फिरलेली असतील, तर ते रोप रोपवाटिकेत गरजेपेक्षा जास्त काळ पडून होतं आणि लावताना कुणी ती गुंडाळी मोकळी केली नाही. मुळं काळी, मऊ आणि कुबट वासाची असतील, तर खड्ड्यात पाणी तुंबत होतं. मुळं खड्ड्याच्या कडेपर्यंत जाऊन तिथेच वळलेली असतील, तर कुदळीच्या घावांनी गुळगुळीत झालेली चिकणमातीची भिंत त्यांना फोडता आली नाही. आणि बुंधा चार बोटं मातीत गाडला गेला असेल, तर साल कुजून रोप गेलं. ‘पाणी कमी पडलं’ हे कारण आपण सरसकट ठोकून देतो. प्रत्यक्षात जास्त पाण्याने मेलेली रोपंही कमी नसतात.

लागवडीच्या अहवालांत यातलं काहीच सापडत नाही. तिथे किती रोपं लावली एवढाच आकडा असतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे परिसंस्था पुनरुज्जीवनाचं दशक ठरवलं आहे. २०२२ च्या जैवविविधता करारात, २०३० पर्यंत बिघडलेल्या किमान ३० टक्के क्षेत्रावर पुनरुज्जीवनाचं परिणामकारक काम सुरू झालेलं असावं, असं उद्दिष्ट आहे. एवढी घाई असली की लोक पहिल्याच दिवशी फावडं हातात घेतात. पहिल्या दिवशी खरं तर एकच गोष्ट विचारायची असते: ही जागा आपली आपण का सावरत नाही? पुढच्या बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्यामुळेच होतात.

मोकळी दिसली जागा की लावा झाडं

झाड नाही म्हणजे जमीन उजाड, हा समज फार महागात पडतो. गवताळ माळ, पाणथळ आणि दलदल या मुळातच झाडं नसलेल्या किंवा विरळ झाडांच्या परिसंस्था आहेत. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या फ्लो कंट्रीत पीटचे, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाचे, हजारो वर्षांत साचलेले थर आहेत. १९८० च्या दशकात करसवलतीच्या ओढीने तिथे चर खणून, पाणी काढून देऊन सूचिपर्णी झाडं लावली गेली. थर सुकू लागले आणि साठलेला कार्बन हवेत जाऊ लागला. आता तीच झाडं तोडून चर बुजवले जात आहेत, म्हणजे पाणी पुन्हा वर चढेल. पीटची जमीन जगात जेमतेम ३ टक्के आहे, पण तिच्यातला कार्बन जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडांपेक्षा जास्त भरतो. तिथे सावली पाडणारं झाड म्हणजे नुकसानच.

‘काटक’ परदेशी झाडाचा मोह हा याच चुकीचा सख्खा भाऊ. गुजरातच्या बन्नी गवताळ प्रदेशात १९६० च्या दशकात वेडी बाभूळ आणली, केनियातल्या बारिंगोत १९८० च्या दशकात. दोन्हीकडे ती जगली यात वाद नाही. ती इतकी जगली की गवत आणि चराई दोन्ही तिने गिळली. कुठल्याही मातीत, पाण्याशिवाय, जनावरांनी न खाता वाढणारं झाड कुणी सुचवलं, तर ते पुढे आवरणार कोण, हे आधी ठरवून घ्या.

खारफुटी चिखलात खोचणं

या चुकीवर जरा थांबतो, कारण तीच तीच चूक देशोदेशी झाली आहे. कांदळ ही खारफुटीचीच एक जात. तिचा कोंब झाडावरच उगवलेला असतो. तो लांब, टोकदार, पेन्सिलीसारखा. गोळा करायला सोपा, चिखलात खोचायला त्याहून सोपा. समुद्राकडचा मोकळा चिखल कुणाच्या मालकीचा नसतो, त्यामुळे भांडणही नाही. शंभर माणसं एका सकाळीत रांगाच रांगा लावून टाकतात. फोटोही छान येतो.

पण तो चिखल मोकळा असतो, कारण तिथे भरतीचं पाणी फार वेळ उभं राहतं. खारफुटी साधारणपणे सरासरी समुद्रपातळी आणि मोठ्या भरतीची रेषा यांमधल्या पट्ट्यात वाढते. त्याच्या खाली लावलेलं रोप बुडतं, त्याच्यावर शिंपले चढतात, लाटा त्याला उपटतात. शिवाय समुद्राच्या अगदी तोंडाशी बहुतेक ठिकाणी पाय रोवतात त्या तिवर आणि चिपी या खारफुटीच्या दुसऱ्या जाती, कांदळ नव्हे. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत सुमारे १,००० ते १,२०० हेक्टरवर खारफुटी लावली गेली. पुढे २३ ठिकाणं तपासली तेव्हा जेमतेम २०० ते २२० हेक्टरवरची लागवड टिकलेली निघाली, आणि ९ ठिकाणी एकही रोप उरलं नव्हतं. फिलिपिन्समध्ये तर समुद्री गवताच्या कुरणांतच कांदळ लावल्यामुळे दोन्ही गोष्टी हातच्या गेल्या.

अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबिन लुईस आयुष्यभर एकच सांगत राहिले: आधी पाणी दुरुस्त करा. बंद पडलेलं कोळंबीचं तळं असेल तर त्याचा बांध जुनी खाडी होती तिथे फोडा. जमिनीची उंची जवळच्या निरोगी खारफुटीच्या उंचीशी जुळवा. भरतीबरोबर बी आपोआप आत येतं. लागवड करायची ती बी येण्यासारखी जवळपास झाडंच उरली नसतील तेव्हा.

घरबसल्या तपासणीची सोय नाही, पण एक साधी युक्ती आहे. निरोगी खारफुटीत एक काठी रोवा आणि तुमच्या जागेत एक. पौर्णिमेच्या भरतीला दोन्हींवर पाणी किती चढतं आणि किती वेळ राहतं ते लिहून ठेवा. दोन आकड्यांत मोठा फरक असेल तर कोंब खोचू नका.

तळं उपसलं, तरी पाणी हिरवंच

सांडपाणी अडवलं, कारंजी बसवली, वरचा तवंग काढला, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा हिरवा रस्सा. दोष तळाशी आहे. पाणी हिरवं करणाऱ्या शैवालाचं खाद्य म्हणजे फॉस्फरस, आणि वर्षानुवर्षं आत आलेला फॉस्फरस गाळात बसलेला असतो. उन्हाळ्यात तळाशी प्राणवायू संपला की लोहाला चिकटलेला फॉस्फरस सुटतो आणि पाण्यात परततो. तळ उकरणारे कार्प मासे भरपूर असतील तर गढूळपणा कधीच खाली बसत नाही, उजेड तळापर्यंत पोचत नाही आणि पाणवनस्पती रुजत नाहीत. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी येणारं खत आणि सांडपाणी थांबवायचं, मग गाळ, मग मासे, आणि शेवटी वनस्पती. उलट क्रमाने केलं तर पैसे पाण्यात, तेही हिरव्या पाण्यात.

नद्यांचंही हेच. फ्लोरिडातली किसिमी नदी १६६ किलोमीटर वळणं घेत वाहायची. १९६२ ते १९७१ या काळात तिला ९० किलोमीटरच्या सरळ कालव्यात कोंबलं. नंतर कालव्याचा काही भाग बुजवून नदी जुन्या पात्रात परत सोडली, ते काम २०२१ मध्ये संपलं. पूरमैदानात पाणी पसरल्यावर पाणवनस्पती आणि पाणपक्षी आपसूक परतू लागले.

वाट न पाहणं

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमध्ये १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ टोनी रिनॉडो यांच्या लक्षात आलं की लावलेली रोपं मरतात, पण शेतात झुडपांसारखी दिसणारी खुरटी फूट म्हणजे तोडलेल्या झाडांचे जिवंत बुंधे आहेत. त्यातले दोन-चार जोमदार फुटवे ठेवायचे, बाकी छाटायचे, गुरांपासून जपायचे. या पद्धतीने तिथे सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं परतली. मुळं आधीच खोल गेलेली असतात, म्हणून ना खड्डा ना पाणी.

तुमच्या जागेचा एक तुकडा कुंपण घालून पावसाळाभर सोडून द्या. मग आत बसून मोजा: किती फुटवे, किती रोपं, कोणत्या जातींची. भरपूर असतील तर लागवडीचा खर्च राखणीकडे वळवा. फक्त आक्रमक तण उगवलं असेल तर ते काढायला माणसं लागतील. काहीच उगवलं नसेल तर माती तपासा. दोन्ही टोकं उघडी असलेला पत्र्याचा डबा बोटभर आत ठोका, तांब्याभर पाणी ओता आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते पाहा. तेच जवळच्या चांगल्या जमिनीवर करा. कित्येक पटींचा फरक आला, तर जमीन यंत्रांच्या वजनाने किंवा खुरांनी घट्ट झाली आहे. अशा जमिनीत आधी ती मोकळी करावी लागते.

कालच्या हवामानासाठी लावणं

एकाच डेरेदार झाडाखालचं बी गोळा करणं सोयीचं, पण मग सगळी रोपं भावंडं होतात आणि एकाच दुष्काळात एकदम माना टाकतात. बी अनेक झाडांवरून घ्या. मुख्य भाग जवळपासचा असू द्या, त्यात थोडं अधिक उष्ण, कोरड्या भागातलं त्याच जातीचं बी मिसळा. लागवडीची तारीख जुन्या वेळापत्रकावर सोडू नका. माती खणून पाहा. ओल वीतभर खाली गेली नसेल तर पहिल्या सरीने हुरळून जाऊ नका.

पाण्याचा हिशेबही बदलतो आहे. चीनच्या लोएस पठारावर मातीची धूप खूप कमी झाली, हे मोठंच यश. पण दाट लावलेल्या, जास्त पाणी पिणाऱ्या झाडांनी काही भागांत खोल मातीतला ओलावाही शोषून घेतला. प्रवाळांबाबत तर फावड्याने सुटणारा प्रश्नच नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाजवळचा समुद्र इतका तापला की तिथल्या प्रवाळ रोपवाटिकांमधले तुकडे उचलून किनाऱ्यावरच्या टाक्यांत हलवावे लागले. (त्याच फ्लोरिडात १९७० च्या दशकात कृत्रिम प्रवाळभिंत म्हणून सुमारे २० लाख जुने टायर समुद्रात टाकले होते. बंधनं गंजून तुटली आणि सुटलेले टायर खऱ्या प्रवाळांवर आदळत राहिले. कचऱ्याची विल्हेवाट आणि निसर्गसेवा एकाच दगडात साधायचा बेत दिसला की मी आता सावध होतो.)

मोजणीत फसवणूक

लावलेल्या रोपांच्या आकड्याचं काय करायचं? त्याच्या शेजारी तीन रकाने वाढवा: पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी जिवंत किती. एक तुकडा मुद्दाम हात न लावता ठेवा, नाहीतर चांगल्या पावसाचं श्रेय तुमच्या कामाला जाईल. आणि एक पक्का खुंटा रोवून दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच उंचीवरून फोटो काढा. पाचव्या वर्षी तो खुंटा शोधायला गवत बाजूला सारावं लागलं, तर ते गवत कोणतं आहे हेही नोंदवून ठेवा.