हायरॉक्सची तयारी करताय? मग गुडघ्यांवर हे अत्याचार थांबवा

मे २०२५ मध्ये मुंबईत भारतातली पहिली हायरॉक्स, म्हणजे पळणं आणि जिमचे व्यायाम एकत्र असलेली रेस, झाली आणि तेव्हापासून आमच्या पुण्यातल्या जिममध्ये दर महिन्याला कोणीतरी नवीन येऊन सांगतं, "दोन महिन्यांत रेस आहे, तयारी करून घ्या." अरे, ८ वेळा १ किलोमीटर पळायचं आणि प्रत्येक किलोमीटरनंतर व्यायामाचं एक स्टेशन, स्लेड म्हणजे वजन लादलेली घसरगाडी ढकला, ओढा, लंजेस म्हणजे गुडघे वाकवत लांब पावलं मारा, शेवटी १०० वॉल बॉल, म्हणजे खाली बसून उठत जड चेंडू भिंतीवर उंच फेकणं. दमसास लवकर वाढतो, स्नायूही साथ देतात, पण स्नायूला हाडाशी बांधणारं जे टेंडन असतं ना, त्याला तेवढं बळ यायला महिने लागतात. घोळ तिथेच होतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे दर रविवारी पूर्ण रेस मारून बघणं. आमच्यातला एक पोरगा, १४० किलोचा स्क्वॉट आरामात मारायचा, त्याने सलग पाच रविवार पूर्ण सिम्युलेशन केलं आणि वर रोज १०० वॉल बॉल. तिसऱ्या आठवड्यात गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं, पण वॉर्मअप झाला की दुखणं गायब व्हायचं म्हणून तो कोणाला बोललाच नाही. टेंडन असंच फसवतं. एक दिवस जिना उतरताना कठड्याला धरून एक एक पायरी उतरताना मी त्याला पाहिलं आणि पोटात गोळा आला. मग महिनाभर पूर्ण आराम, दुखणं थांबलं, हा परत पळाला, चौथ्या दिवशी परत तेच, कारण नुसत्या आरामाने टेंडन मजबूत होत नाही, त्याला बेताबेताने वजन द्यावंच लागतं. फिजिओने लेग एक्स्टेन्शनवर, म्हणजे बसून पाय सरळ करायच्या मशीनवर, पाय ४५ सेकंद धरून ठेवायला लावला, ५ वेळा, मग पुढे हळूहळू जड स्क्वॉट. रेस गेली, पैसे गेले, साडेचार महिने गेले.

मी पूर्ण रेस एकदाच मारून बघते, रेसच्या चार आठवडे आधी, बाकी सगळं अर्धं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी जिन्याच्या पायरीवरून एका पायाने हळू खाली उतरून बघते. कालच्यापेक्षा जास्त दुखलं तर त्या दिवशी उड्या आणि पळणं बंद, मग प्लॅनमध्ये काहीही लिहिलेलं असो.

दुसरी चूक लंजेसची. मागचा गुडघा प्रत्येक पावलाला जमिनीला टेकलाच पाहिजे हा नियम आहे, म्हणून लोक खांद्यावर २० किलोची सँडबॅग घेऊन गुडघा धाडकन आपटतात, १०० मीटर! टेकवा हो, आपटू नका, देवासमोर गुडघा टेकवतो तसा. मी नवीन लोकांना पहिले तीन आठवडे सँडबॅग देतच नाही, तीन आकडे मोजत खाली जायला लावते, कंटाळतात, चिडतात, तरी देत नाही.

वॉल बॉलमध्ये टाच उचलली जात असेल तर सगळा भार गुडघ्याच्या पुढच्या बाजूला येतो, घोट्याची लवचिकता आधी वाढवा. रोइंगला पाठीचा कुबडा नको. फार्मर्स कॅरीत, म्हणजे दोन्ही हातांत वजनं धरून चालताना, कोपर दुखत असेल तर केटलबेल्स उगाच आवळून धरताय.

पेनकिलर घेऊन ट्रेनिंग करणाऱ्यांना मी सरळ घरी पाठवते, यावर चर्चा नाही. दुखणं ही शरीराची हाक आहे, ती बंद करून वजन उचललं की काय तुटतंय ते कळतच नाही.

आणि जिममधून आलेल्या मंडळींनो, पळणं एकदम वाढवू नका, नडगी दुखायला लागेल. शक्य असेल तर डांबरी रस्ता सोडून तळजाई टेकडीच्या मातीत पळा, आठवड्यातून तीनदा, एवढं हळू की शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत.