डिशवॉशरमधून भांडी खरखरीत येतायत? एक्सटेंडेड वॉरंटीवाल्यांना फोन करायच्या आधी हे करून बघा

चतुर्थीला चार दिवस राहिलेले आणि आमच्या डिशवॉशरमधून स्टीलचे पेले निघाले तर तळाला बोट फिरवलं की वाळूसारखं खरखर लागत होतं. ताटांवर तेलाचा हलका थर, वाट्यांच्या कडेला पिठाचे ठिपके. घरात मुंबईची बारा माणसं यायची होती. काकी म्हणाली, "मशीन ऱ्हवांदे बाजूक, मी घासतंय." तिचे गुडघे दुखतात म्हणूनच तर मशीन घेतलेलं, त्यामुळे ते काही मला पटेना.

एक्सटेंडेड वॉरंटी घेतलेली होती म्हणून आधी तिथे फोन लावला. उत्तर आलं की भांडी नीट निघत नाहीत ही तक्रार कव्हरमध्ये बसत नाही, कुठला पार्ट बिघडलाय ते सांगा, आणि माणूस येऊन बघून गेला आणि पार्ट चांगलाच निघाला तर व्हिजिट चार्ज तुम्हाला भरावा लागेल. वर माणूस कोल्हापूरहून येणार, म्हणजे चतुर्थी झाल्यावरच. मग मॅन्युअल काढलं आणि स्वतःच बसलो, दोन तास लागले, एक स्क्रूसुद्धा काढावा लागला नाही. आपल्याकडे मालवण, देवगड, वेंगुर्ला, गुहागर कुठेही सर्व्हिसचा माणूस यायचा म्हणजे दिवस मोजत बसावं लागतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी भांडी नीट बघा, कारण मळ कसा आहे त्यावरून बिघाड कुठे असेल ते कळतं. फक्त वरच्या रॅकमधली भांडी घाण असतील तर वरचा पाणी फवारणारा पंखा तुंबलाय किंवा पाण्याला जोर नाही. सगळ्यांवर कण असतील तर फिल्टर. तेलकट राहत असेल तर पाणी पुरेसं तापत नाही, प्रोग्रॅम चुकतोय किंवा पावडर कमी पडतेय. पांढरं धुरकट असेल तर मीठ आणि पाण्याचा प्रश्न, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

आता फिल्टर. मशीनचं बटण बंद करा, भिंतीवरचं स्विचही बंद करा. खालचा रॅक बाहेर काढला की तळाशी मधोमध गोल जाळीचा फिल्टर दिसतो, तो डावीकडे फिरवून वर ओढायचा, बहुतेक मशीनमध्ये तो दोन किंवा तीन भागांत सुटा होतो. जुन्या टूथब्रशने वाहत्या पाण्याखाली घासा, तारेची घासणी अजिबात नको, बारीक जाळी फाटली की कण थेट आत जाणार. माझ्या फिल्टरवर ओल्या खोबऱ्याचा चोथा असा चिकटून बसलेला की जाळीची भोकं दिसतच नव्हती. आपल्याकडे रोजचं वाटण खोबऱ्याचं, त्यामुळे मॅन्युअलमध्ये काहीही लिहिलेलं असो, फिल्टर आठवड्यातून एकदा आणि पाहुणे असतील तर दर दोन दिवसांनी धुवा. परत बसवताना लॉक होईपर्यंत फिरवा. बऱ्याच घरांत इथेच चुकतं, फिल्टर नुसता ठेवलेला असतो आणि कडेने कण आत जाऊन पंख्यांत अडकतात.

फिल्टर निघालेला असतानाच खालच्या खड्ड्यात बघा. थोडं पाणी तिथे नेहमीच राहतं, ते बिघाड नव्हे. स्पंजने पाणी टिपून घ्या आणि हातमोजा घालूनच चाचपा, फुटलेल्या काचेचा तुकडा असू शकतो. मला तिथे तिरफळाची दोन टरफलं आणि बांगड्याचा एक काटा मिळाला. पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपाचं चाक या खड्ड्याच्या बाजूलाच, एका छोट्या झाकणाआड असतं, ते हाताने काढता येत असेल तरच काढा आणि चाक फिरतंय का बघा. तिरफळ इथे अडकलं तर घाण पाणी पूर्ण बाहेर जात नाही आणि मग त्याच पाण्यात भांडी धुतली जातात.

माझा खरा घोटाळा पंख्यांत निघाला. खालचा पंखा बहुतेक मशीनमध्ये सरळ वर ओढला की निघतो, वरच्याला मधे एक नट असतो तो हाताने सैल होतो. काढून कानाजवळ हलवून बघा. माझा खालचा पंखा खुळखुळ वाजत होता. नळाखाली धरला तर एका टोकाकडून पाणी येईचना, मग खराट्याचा एक हीर काढला आणि एकेक भोक मोकळं करत गेलो, आणि आतून काय निघावं, काळ्या वाटाण्याची सालं! एक नाही, दहा-बारा, पाण्याने फुगून भोकांच्या मागे चिकटलेली. आदल्या आठवड्यात आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ झालेली, त्याची ताटं तशीच आत लावली होती आणि फिल्टर तेव्हा लॉक नव्हता, म्हणजे माझीच चूक. हीर यासाठी फार चांगला, वाकतो पण मोडत नाही आणि प्लास्टिकला चरा पडत नाही, टूथपिक आत मोडून अडकते आणि सुईने भोक मोठं होतं. सगळी भोकं मोकळी झाली की पंखा उलटासुलटा करून पाण्याने चूळ भरल्यासारखा खळखळून घ्या, खुळखुळ पूर्ण बंद होईपर्यंत. बसवल्यावर हाताने फिरवा, कुठल्याही टोपाच्या दांड्याला, झाऱ्याला अडता कामा नये. एक सोपी चाचणी आहे, पंख्याचं टोक कुठल्या दिशेला आहे ते लक्षात ठेवा, मशीन चालू करा, पाणी भरून फवारायला लागलं की तीन-चार मिनिटांनी थांबवून हळूच दार उघडा. टोक तिथेच असेल तर पंखा फिरत नाहीये. एकदा योगायोगाने तिथेच थांबू शकतं म्हणून दोनदा करा.

नंतर पाणी. मशीनच्या मागे जिथे नळाची नळी लागते तिथे एक बारीक जाळी असते, नळ बंद करून नळी सोडा आणि जाळी चिमट्याने काढून धुवा. जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी असेल तर पावसाळ्यानंतर ही जाळी हमखास लाल गाळाने भरते. नळी बादलीत धरून धार बघा, ती बारीक येत असेल तर प्रश्न मशीनचा नाहीच. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण एक बार होतो, आणि बऱ्याच मशीनना कमीत कमी 0.3 ते 0.5 बार लागतो, म्हणजे टाकी मशीनच्या तीन ते पाच मीटर वर हवी. आपल्याकडे बैठं घर, स्वयंपाकघराच्या स्लॅबवरच टाकी, म्हणजे अगदी काठावरचं काम. टाकी अर्धी झाली की मशीन रडतं. टाकीखाली लोखंडी स्टँड करून घ्या किंवा छोटा प्रेशर पंप बसवा, पण मशीनला किती दाब चालतो तो आकडा मॅन्युअलमध्ये बघूनच.

मीठ हा असा विषय आहे की दुकानदार सगळ्यांना मीठ भरपूर घाला हा एकच सल्ला देतो आणि तो कोकणात चालत नाही. डिशवॉशरमधलं मीठ भांडी धुवायला नसतं. आत राळेचे बारीक मणी असतात, ते पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि मिठाच्या पाण्याने ते मणी पुन्हा ताजे होतात. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुतेक मऊच, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी असलेलं असतं. अशा पाण्यावर मशीनमधलं मिठाचं (पाण्याच्या जडपणाचं) सेटिंग सगळ्यात वर ठेवलं आणि पावडरही भरपूर घातली तर काचेचे पेले हळूहळू कायमचे धूसर होतात. ओळखायचं कसं, तर धूसर पेल्यावर थोडं व्हिनेगर चोळा. पांढरं गेलं तर तो क्षार होता, मीठ आणि सेटिंग वाढवा. नाही गेलं तर काच झिजलीय, ती परत येत नाही, मीठाचं सेटिंग खाली आणा आणि पावडर कमी करा. पाणी किती जड आहे ते बघायच्या पट्ट्या ऑनलाइन मिळतात, एकदा मागवा. खाडीलगतच्या विहिरीचं पाणी मात्र एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं आणि तो खारटपणा ही राळ काढू शकत नाही, चमच्यांवर गंजाचे ठिपके येतात, त्या दोन महिन्यांत दुसरं पाणी मिळत असेल तर तेच वापरा. जेवणातलं बारीक आयोडीनचं मीठ आत घालू नका, डिशवॉशरचं जाड मीठ घ्या, आणि भरताना बाहेर सांडलं की लगेच एक प्रोग्रॅम चालवा, नाहीतर स्टीलच्या तळाला गंज धरतो.

पावडरचं सांगायचं तर जून ते सप्टेंबर आपल्या हवेत ती दगड होते. गोळा झालेली पावडर विरघळत नाही आणि तिची ताकदही गेलेली असते, म्हणून पावसाळ्यात छोटं पाकीट घ्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ज्या कप्प्यात घालता तो कोरडा असला पाहिजे, ओला असला की पावडर चिकटते. भांडी घासायचं साधं लिक्विड कधीच घालू नका, फेस होऊन पाणी खाली गळतं आणि मशीन एरर देऊन बंद पडतं.

प्रोग्रॅम निवडताना आपलं जेवण लक्षात घ्या. खोबरेल तेल साधारण 24 अंशांखाली गोठतं, आणि नारळाच्या रसाची आमटी, सोलकढी, वाटणाचं कालवण सगळ्यातच नारळाची स्निग्धता. घाईचा, कमी तापमानाचा प्रोग्रॅम लावला की ती सुटते आणि गार होताना परत ताटांवरच बसते. कालवणाच्या भांड्यांना 65-70 अंशांचा प्रोग्रॅम, चहा-नाश्त्याच्या कपबश्यांना इको. ताटं आधी विसळत बसू नका, नुसतं खरकटं झटकून काढा, काटे आणि सालं मात्र एकही आत जाऊ देऊ नका. भाताची आणि पेजेची भांडी वाळू देऊ नका. अॅल्युमिनियमचे टोप काळे पडतात, बिडाचा तवा गंजतो, तांब्यापितळेची चमक जाते, लाटणं आणि रवी फुगून तडकतात, ही सगळी हातानेच धुवायची.

आता एक्सटेंडेड वॉरंटीबद्दल, कारण पैसे तिथे जातात. वर लिहिलेल्यातलं जवळजवळ काहीच त्यात येत नाही. तुंबलेला फिल्टर, अडकलेलं साल, कमी दाब, चुकीचं मीठ, यात पार्ट बिघडलेलाच नसतो. ती उपयोगी पडते सर्किट बोर्ड, मोटर, हीटर गेला तर. पण तिथेही अटी वाचा, आणि दुकानात सही करायच्या आधी वाचा. व्होल्टेजच्या चढउतारामुळे किंवा विजेमुळे झालेलं नुकसान, उंदराने कुरतडलेली नळी, गंज, रबर-प्लास्टिकचे भाग हे बऱ्याच प्लॅनमधून वगळलेलं असतं. आता आपल्याकडे मशीन बिघडायची कारणं कोणती? खारी हवा, मे आणि ऑक्टोबरमधल्या विजा, आणि पावसात घरात शिरणारे उंदीर! म्हणजे ज्याची भीती तेच बाहेर. होमस्टेवाल्यांनी तर फारच जपा, घरगुती मशीन पाहुण्यांच्या धंद्यासाठी वापरलं तर सहसा मूळ वॉरंटीही नाकारतात.

घ्यायचीच असेल तर तीन गोष्टी विचारा. प्लॅन कंपनीचा आहे की दुकानाचा का तिसऱ्याच कुणाचा. तुमच्या पिनकोडला माणूस घरी येतो का, हे लेखी. आणि मूळ वॉरंटी संपल्यावर हा सुरू होतो की खरेदीच्या दिवसापासूनच मोजतात, कारण दुसऱ्या प्रकारात मूळ वॉरंटीच्या काळाचे पैसे तुम्ही उगाच भरता. दुकानात घाई करतात पण बऱ्याच कंपन्या मूळ वॉरंटी संपेपर्यंत प्लॅन विकतात, म्हणून आधी मशीन वापरून बघा. माझं मत विचाराल तर सर्व्हिस सेंटर तासाभराच्या अंतरावर असेल आणि प्लॅन कंपनीचाच असेल तर घ्या, नाहीतर तेवढ्या पैशात चांगला स्टॅबिलायझर, मशीनमागच्या भोकांना जाळी आणि वर्षाची पावडर होते.

वॉरंटी चालू असताना स्क्रू लावलेलं पॅनेल उघडू नका. फिल्टर, पंखे, नळीची जाळी साफ करणं मॅन्युअलमध्येच दिलेलं असतं, त्याने वॉरंटी जात नाही. बिलाचा फोटो आजच काढा, थर्मल कागदावरची अक्षरं दमट हवेत वर्षभरात पुसट होतात. कव्हरमध्ये असलेलं काम कोणी नाकारलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा लावता येतो, वस्तू मुंबईहून घेतली असली तरी, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. दोन वर्षांच्या आत मात्र जायला हवं.

एवढं सगळं करूनही भांडी तशीच निघाली तर 65-70 चा प्रोग्रॅम लावून मधेच दार हळूच उघडा. वाफ आली नाही, आतलं स्टील गारच लागलं तर हीटर किंवा तापमानाचा सेन्सर गेलाय, ते आपलं काम नाही, माणूस बोलवा. फोनवर दाराच्या कडेच्या स्टिकरवरचा मॉडेल आणि सिरीयल नंबर, स्क्रीनवरचा एरर आणि "पाणी तापत नाही" एवढं नेमकं सांगा आणि पार्ट बरोबर घेऊन या म्हणा, नाहीतर तो घाट उतरून नुसता बघून जातो आणि पार्ट घेऊन पुन्हा येईपर्यंत आणखी आठवडा जातो.